माइक्रोआरएनए-२१ साठी कोणतं सिग्नल ॲम्प्लिफिकेशन निवडावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएचडीसाठी रक्ताच्या प्लाझ्मातला माइक्रोआरएनए-२१, म्हणजे अनेक कर्करोगांत वाढणारा एक इवलासा आरएनए, मोजणारी तपासणी बसवायची आहे. पीसीआर, म्हणजे लक्ष्याच्याच प्रती वाढवत नेणारी पद्धत, टाळायचा आहे. लक्ष्याऐवजी त्याचा सिग्नल वाढवणाऱ्या एचसीआर, सीएचए, रोलिंग सर्कल आणि कॅस१२ या पद्धतींतली एक निवडायची आहे (त्या काय आहेत ते पुढे सांगते). गाइडना ॲटोमोलर संवेदनशीलता, म्हणजे मायक्रोलिटरमागे एखादा रेणूही पकडण्याची क्षमता, हवी आहे, आणि पुढे ही तपासणी ग्रामीण रुग्णालयात चालावी अशी तुमची इच्छा आहे.

आधी उत्तर देते, मग कारणं. तुमच्या जागी मी पॅडलॉक प्रोब आणि रोलिंग सर्कल घेईन, ॲटोमोलरचा आग्रह सोडून देईन, आणि सुरुवातीचा बराचसा काळ ज्या नळीत लक्ष्य घातलेलंच नाही त्या नळीवर, म्हणजे ब्लँकवर घालवेन. या क्षेत्रात मी बरीच वर्षं काम करते आहे. तपासण्या अडकतात त्या बहुतेक वेळा ब्लँकमध्ये, त्याखालोखाल नमुन्यात. सिग्नल कमी पडला म्हणून अडकलेल्या फार थोड्या.

ॲटोमोलरचा हिशेब एकदा कागदावर करून पाहा. एक फेमटोमोलर म्हणजे दर मायक्रोलिटरला साधारण ६०० रेणू. एक ॲटोमोलर म्हणजे दर मायक्रोलिटरला ०.६ रेणू. तुम्ही १० मायक्रोलिटर नमुना घातला, तर नळीत सरासरी सहा रेणू गेले. ही झाली सरासरी. एखाद्या नळीत तीन जातील, एखाद्या नळीत नऊ. सरासरी तीन रेणू असतील तेव्हा शंभरातल्या पाच नळ्यांत एकही रेणू नसतो, आणि जे नळीत नाही ते कुठलंही रसायन दाखवू शकत नाही. झेप्टोमोलरचे दावे करणारे शोधनिबंधही तुमच्या वाचनात येतील. एक झेप्टोमोलर म्हणजे मिलीलिटरला ०.६ रेणू. तेव्हा १० मायक्रोलिटरमध्ये तेवढं पकडलं असं कुणी म्हणत असेल, तर रेणूचा शंभरावा हिस्सासुद्धा नसताना पकडला असा त्याचा अर्थ होतो. असे आकडे बहुधा आलेखातून निघतात: तीन ब्लँकचा प्रमाणित विचलनाचा आकडा घ्यायचा, त्याची तिप्पट करायची आणि लॉग अक्षावरची रेषा खाली लांबवत न्यायची. सगळ्यात कमी तपासलेल्या संहतीच्याही कितीतरी खाली ती रेषा जाऊन पोचते. प्रबंधात असं करू नका. निदान वीस ब्लँक वेगवेगळ्या दिवशी लावा, त्यांची वरची मर्यादा काढा, आणि त्या मर्यादेच्या वर शंभरातले पंच्याण्णव वेळा जाणारी संहती प्रत्यक्ष नमुने लावून दाखवा.

आता सिग्नल वाढवणं म्हणजे काय, ते एका खऱ्या तपासणीवरून सांगते, कारण तिची एक मोठी कसोटी आपल्याच मराठवाड्यात लागली. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीचा मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि ल्योनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. रंगस्वामी शंकरनारायणन त्याचे प्रमुख होते आणि निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एका गटाची एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, डीएनए तपासणी झाली, एकाची पॅप, म्हणजे पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी, एकाची ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या आणि त्यांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटात ३१,४८८ स्त्रिया आणि ६४ मृत्यू. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले; बाकी दोन पद्धतींनी तसा ठळक फरक पडला नाही. चौथ्या गटाला चाचणीविना ठेवण्यावर नंतर नैतिक टीका झाली आणि तो प्रश्न मला आजही रास्त वाटतो. निदानशास्त्रात काम करणाऱ्याने या अभ्यासाच्या दोन्ही बाजू माहीत करून घ्यायला हव्यात.

तिथे वापरलेली तपासणी होती हायब्रिड कॅप्चर २. तीत पीसीआर नाही. लक्ष्याची एकही प्रत वाढवली जात नाही. नमुन्यात अल्कली घालून ६५ अंशांवर पाऊण तास ठेवतात, म्हणजे डीएनएचे दोन धागे सुटे होतात. या द्रावणात रंग असतो, नमुना गडद जांभळा होतो. मग १३ धोकादायक एचपीव्ही प्रकारांसाठीच्या आरएनए प्रोबचं, म्हणजे लक्ष्याला जाऊन चिकटणाऱ्या धाग्यांचं, मिश्रण घालतात आणि जांभळ्याचा पिवळा होतो. एखादी नळी जांभळीच राहिली, तर तिच्यात प्रोब नीट पडला नाही हे ९६ नळ्यांच्या रॅकमध्ये नुसत्या नजरेला कळतं. साधी युक्ती आहे, पण ज्याने ती किटमध्ये घातली त्याने बाकावर बसून काम केलं असणार. प्रोब आणि विषाणूचा डीएनए यांची आरएनए-डीएनए जोडी बनते. प्लेटच्या विहिरीत अशा मिश्र जोडीलाच ओळखणारी अँटिबॉडी बसवलेली असते, ती या जोड्यांना धरून ठेवते. मग तीच ओळख असलेली दुसरी अँटिबॉडी येते, तिच्या अंगावर अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम. एचपीव्हीचा जीनोम साधारण ८,००० बेसचा. त्या एका लांब जोडीवर हजारभर अँटिबॉड्या बसतात, प्रत्येकीवर सुमारे तीन एन्झाइम, म्हणजे एका विषाणूमागे ३,००० एन्झाइम रेणू. प्लेट धुतात, एन्झाइममुळे उजळणारं सबस्ट्रेट घालतात, प्रकाश मोजतात.

या तपासणीचा उंबरठा आहे साधारण ५,००० प्रती. पीसीआर त्याच्या कितीतरी खाली जातो. तरीही उस्मानाबादेत या उंबरठ्याने काम केलं, आणि एका अर्थी उंबरठा तेवढा होता म्हणूनच नीट केलं. एचपीव्हीचा संसर्ग बहुतेक स्त्रियांमध्ये वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. मूठभर प्रतीही पकडणारी तपासणी असे जाऊ घातलेले संसर्गसुद्धा पॉझिटिव्ह दाखवते, आणि प्रत्येक पॉझिटिव्हच्या मागे कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी), बायोप्सी, एसटीचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि घरातली धास्ती असते. अभ्यासात एचपीव्ही तपासणी झालेल्या स्त्रियांपैकी १०.३ टक्के पॉझिटिव्ह आल्या. तो आकडा दुप्पट झाला असता तर बार्शीच्या डॉक्टरांना तो पेलला असता का, याचा विचार करा. शिवाय निगेटिव्ह आलेल्या स्त्रियांमध्ये पुढे आक्रमक कर्करोगाचं प्रमाण लाखात ३.७ इतकं कमी राहिलं, तर पॅपमध्ये निगेटिव्ह आलेल्यांत ते १५.५ होतं. म्हणजे या उंबरठ्याखाली जे सुटलं, त्यातलं फार थोडं धोक्याचं होतं.

याच तपासणीत एक मोठी उणीवही आहे. तिला अंतर्गत कंट्रोल नाही. ब्रश नीट फिरला नाही आणि नमुन्यात पेशीच आल्या नाहीत, तरी निकाल निगेटिव्हच येतो. तुमची तपासणी बसवताना ही उणीव राहू देऊ नका. माणसाच्या नमुन्यात हमखास असणारं एखादं लक्ष्य शेजारी मोजलंच पाहिजे.

आणि ब्लँक? या किटमध्ये पॉझिटिव्ह कॅलिब्रेटरची, म्हणजे ठरावीक लक्ष्य घातलेल्या नळ्यांची, सरासरी निगेटिव्हच्या निदान दुप्पट आली तरच प्लेट ग्राह्य धरतात. सगळी इमारत या दुपटीवर उभी आहे. धुताना विहिरीत थोडं एन्झाइम राहिलं की निगेटिव्ह वर चढतो, दुपटीची दीडपट होते आणि प्लेट बाद होते. ३,००० पट वाढ असूनही.

सिग्नल ॲम्प्लिफिकेशनमध्ये तुम्ही जे वाढवता ते चिकटून राहिलेलं सगळं वाढवता, मग ते योग्य जागी चिकटलेलं असो की भलत्या. हे मला सर्वांत स्वच्छ दिसलं ते ब्रँच्ड डीएनए या पद्धतीच्या इतिहासात. कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत ती बनली आणि एचआयव्हीचं रक्तातलं प्रमाण मोजायला जगभर वापरली गेली. लक्ष्यावर प्रोब, प्रोबवर प्रीॲम्प्लिफायर, त्यावर फांद्या असलेले ॲम्प्लिफायर, फांद्यांवर एन्झाइम. सुरुवातीच्या आवृत्तीला मिलीलिटरमागे हजारो प्रती लागत. पुढच्या सुधारणांत फांद्यांची रचना बदलली, पण खरी उडी घेतली ती धाग्यांच्या अक्षरांमुळे. १९९७ साली त्यांनी ॲम्प्लिफायरमध्ये आयसोसायटिडिन आणि आयसोग्वानोसिन हे नैसर्गिक डीएनए-आरएनएत न आढळणारे बेस घातले. ते फक्त एकमेकांशी जोडी करतात, रक्तातल्या कुठल्याच डीएनएशी किंवा आरएनएशी नाही. त्यामुळे भलतीकडे चिकटणं घटलं, पार्श्वभूमी खाली आली, आणि तपासणी मिलीलिटरला शंभराहून कमी प्रतींपर्यंत पोचली. शांतता वाढवून मिळालेली ही संवेदनशीलता आहे, आणि माझ्या मते त्या पद्धतीतलं सर्वांत हुशारीचं काम तेच.

आता तुमच्या यादीकडे येऊ. एचसीआर, म्हणजे हायब्रिडायझेशन चेन रिॲक्शन, कॅल्टेकच्या डर्क्स आणि पिअर्स यांनी २००४ साली मांडली. दोन हेअरपिन, म्हणजे स्वतःवरच दुमडलेले डीएनए धागे, एकाच नळीत शांत पडून असतात. लक्ष्य पहिल्याला उघडतं, उघडलेला पहिला दुसऱ्याला, दुसरा पुन्हा पहिल्याला, आणि साखळी वाढत जाते. एन्झाइम नाही, तापमानाची चक्रं नाहीत, म्हणून ती सगळ्यांना आवडते. सीएचएमध्ये, म्हणजे कॅटॅलिटिक हेअरपिन असेंब्लीत, लक्ष्य एक हेअरपिन उघडून, दुसऱ्याच्या मदतीने मोकळं होऊन पुढच्याकडे जातं. दोन्हींचं दुखणं एक: हेअरपिन आपणहून उघडतात. समजा नळीत १०० नॅनोमोलर हेअरपिन आहे आणि दहा लाखांतला एकच चुकून उघडला. तरी १०० फेमटोमोलर खोटं लक्ष्य नळीत तयार झालं. तुमचं खरं लक्ष्य एक फेमटोमोलर असेल तर ते त्यात शंभर पटीने बुडालं.

आणि दहा लाखांत एक ही अपेक्षासुद्धा उदार आहे. ऑलिगो, म्हणजे असे छोटे डीएनए धागे, बनवताना प्रत्येक पायरी ९९.५ टक्के यशस्वी झाली, तरी ६० बेसचा पूर्ण धागा जेमतेम ७४ टक्के मिळतो. उरलेल्या चौथ्या हिश्शात एखादा बेस गळलेले धागे असतात. ते नीट मिटत नाहीत, आणि जे नीट मिटत नाहीत तेच गळती करतात. म्हणून हेअरपिन मागवताना पेज (जेलवर वेगळे करणं) किंवा एचपीएलसी (स्तंभातून वेगळे करणं) यांनी शुद्ध केलेलेच मागवा, ९५ अंशांपर्यंत तापवून थंड करून वेगवेगळ्या नळ्यांत मिटू द्या आणि नंतरच एकत्र करा. एकत्र मिटवलेले हेअरपिन एकमेकांत गुंततात.

एचसीआरच्या २०१८ च्या आवृत्तीत गळतीच्या शेजारचाच प्रश्न सोडवला गेला. साखळी सुरू करणारा धागा दोन प्रोबमध्ये अर्धा-अर्धा वाटला. दोन्ही प्रोब लक्ष्यावर शेजारी-शेजारी बसले तरच साखळी सुरू होते, एकटा प्रोब भलतीकडे चिकटला तर काही घडत नाही. प्रथिनांसाठी उप्सालाच्या गटाने २००२ मध्ये मांडलेल्या प्रॉक्सिमिटी लायगेशनमागेही हेच तत्त्व आहे: दोन अँटिबॉड्या एकाच रेणूवर भेटल्या तरच त्यांचे डीएनए धागे जोडले जातात. तुम्ही उद्या प्रथिन बायोमार्करकडे वळलात तर तिथूनच सुरुवात करा. ऊतींच्या कापांत लांब एमआरएनए पाहायचा असेल तर एचसीआरची ही आवृत्ती मी डोळे झाकून सुचवेन. पण माइक्रोआरएनए-२१ ची लांबी २२ बेस. त्यावर दोन प्रोब शेजारी बसायला जागाच नाही. हायब्रिड कॅप्चरची अँटिबॉडीही इथे कामाची नाही. ८,००० बेसवर हजार बसतात, तर २२ बेसवर बोटांवर मोजण्याइतक्या.

कॅस१२ बद्दल थोडक्यात. लक्ष्य सापडलं की हे एन्झाइम आजूबाजूचे एकेरी डीएनए धागे कापत सुटतं आणि रिपोर्टर चमकतो. ओळख चांगली, निकाल पट्टीवर वाचता येतो. पण आधी लक्ष्य वाढवून घेतलं नाही तर तपासणी साधारण पिकोमोलरच्या (हजार फेमटोमोलरच्या) आसपास थांबते, आणि आधी वाढवायचं म्हटलं तर तुम्ही टाळू पाहत असलेलं काम परत आलं. शिवाय तुमचं लक्ष्य आरएनए आहे. कॅस१२ ला डीएनए लागतो. तुमच्या कामासाठी मी ते घेणार नाही.

राहिलं रोलिंग सर्कल. पॅडलॉक प्रोब म्हणजे दोन्ही टोकं लक्ष्याला पूरक असलेला डीएनएचा लांब धागा. टोकं लक्ष्यावर समोरासमोर येतात आणि लायगेज ती जोडतं. सांध्याजवळ एक बेस जुळला नाही तरी जोडणी सहसा अडते. लेट-७ या माइक्रोआरएनए कुटुंबातल्या भावंडांत एकेका बेसचा फरक असतो, तिथे हा गुण सोन्यासारखा. आरएनएच्या आधारावर डीएनए जोडायला क्लोरेला विषाणूचं स्प्लिंट-आर लायगेज वापरा, टी४ लायगेज इथे मंद पडतं; एका बेसचा फरक ओळखण्यात मात्र स्प्लिंट-आर तेवढं काटेकोर नाही. वर्तुळ बंद झालं की फाय२९ पॉलिमरेज त्याभोवती फिरत राहतं आणि तासाभरात एका वर्तुळाच्या हजारभर प्रती एकाच सलग धाग्यात मिळतात. वाढ सरळ रेषेत होते, घातांकी नाही, आणि धागा एकत्र गुंडाळलेला राहतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तो एक ठिपका दिसतो. ठिपके मोजता येतात. ब्लँकमध्ये जोडलं न गेलेलं पॅडलॉक त्रास देतं, म्हणून लायगेशननंतर एक्झोन्युक्लिएज लावून मोकळी टोकं असलेलं सगळं खाऊन टाकू द्या. लक्ष्याविना, लायगेजविना आणि फाय२९ विना असे तीन ब्लँक प्रत्येक वेळी वेगळे लावा. गळती कुठल्या पायरीवर आहे ते त्यांच्यातल्या फरकावरून कळेल.

सरळ रेषेतली वाढ मला इथे का हवी आहे, ते नीट समजून घ्या. एचपीव्ही हा बाहेरून आलेला, असतो किंवा नसतो. माइक्रोआरएनए-२१ तुमच्या-माझ्या रक्तात आत्ता आहे. निरोगी माणसाच्या प्लाझ्मात मुबलक माइक्रोआरएनएंच्या प्रती मायक्रोलिटरला हजारोंपासून लाखापर्यंत मोजल्या गेल्या आहेत, म्हणजे फेमटोमोलरच्या दहा-वीस पटीपासून पुढे. तुम्हाला ॲटोमोलरपर्यंत जायचं कारणच नाही. रुग्ण आणि निरोगी यांतला फरक अनेकदा दीड-दोन पटीचाच असतो, आणि तो खात्रीने सांगायचा असेल तर एकाच नमुन्याचे दहा निकाल एकमेकांच्या पंधरा-वीस टक्क्यांत यायला हवेत. गाइडना हे पटवा: संवेदनशीलतेऐवजी पुनरावृत्तीचा तक्ता प्रबंधात पहिला ठेवा. पडताळणीसाठी मात्र स्टेम-लूप आरटी-पीसीआर (आरएनएचा आधी डीएनए करून घेणारा पीसीआर) शेजारी चालवावाच लागेल. हेही लक्षात असू द्या की माइक्रोआरएनए-२१ अनेक कर्करोगांत वाढतो आणि साध्या दाहातही वाढतो, म्हणून एकट्याच्या जोरावर निदान सांगू नका.

नमुन्याचं म्हणाल, तर फरक दीडपटीचा असताना रक्त काढणाऱ्याचा हातही निकाल बदलू शकतो. लाल पेशी फुटल्या की माइक्रोआरएनए-४५१ आणि -१६ प्लाझ्मात उसळतात, आणि पुष्कळ जण नेमका -१६ च तुलनेसाठी धरतात. मग छेद बदलला म्हणून गुणोत्तर बदलतं आणि तुम्हाला वाटतं रोग दिसला. डोळ्याला गुलाबी दिसेपर्यंत थांबू नका, प्रत्येक नमुन्याचं ४१४ नॅनोमीटरवर शोषण पाहा. प्लेटलेट्समध्येही माइक्रोआरएनए भरपूर असतात, म्हणून सेंट्रिफ्यूज दोनदा करा. नळी ईडीटीएची घ्या. हेपॅरिन पॉलिमरेजला अडवतं आणि सहजासहजी निघत नाही.

ग्रामीण रुग्णालयाबद्दल शेवटचं. उस्मानाबादेत गावात नर्सने नमुना घेतला आणि तपासणी मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झाली. वाहतुकीच्या द्रवात नमुन्यातला डीएनए टिकत होता, म्हणून ते जमलं. क्षयरोगासाठी गोव्याच्या मोलबायोच्या ट्रूनॅटने उलटी वाट धरली: बॅटरीवर चालणारं छोटं पीसीआर यंत्रच तालुक्यात नेलं, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही त्याला मिळाली. पीसीआर म्हणजे शहरातच, हा समज त्यामुळे आता धरू नये. तुमच्या बाबतीत कोणती वाट चालेल हे रसायनावर ठरणार नाही, रक्ताची नळी किती वेळ तग धरते त्यावर ठरेल. म्हणून पॅडलॉक मागवण्याआधी हा प्रयोग करा: निरोगी स्वयंसेवकांचं रक्त, ईडीटीए नळी, मे महिन्यातल्या खोलीच्या तापमानात ठेवलेली. ताबडतोब, दोन तासांनी, सहा तासांनी आणि चोवीस तासांनी प्लाझ्मा वेगळा करा आणि आरटी-पीसीआरने २१, १६ आणि ४५१ हे तिन्ही मोजा. सहा तासांतच २१ चा आकडा दीडपटीने हलला, तर सेंट्रिफ्यूज रुग्णालयात असणं तुमच्या तपासणीची पहिली अट ठरेल, आणि मग कोणत्या रुग्णालयांसाठी ती बनवायची हे त्यावरून ठरवा.